दादरचा चार रविवारांचा कोर्स: तिसऱ्या रविवारासाठी तरी जाच

आधी व्यवहाराचं सांगते. दादर पश्चिमेला रानडे रोडच्या आतल्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर हॉल आहे, लिफ्ट नाही, गुडघे दुखत असतील तर सावकाश चढा. चार रविवार, सकाळी १० ते १, फी दीड हजार, त्यात दोनदा चहा आणि झेरॉक्स नोट्स. विषय आंतरराष्ट्रीय राजकारण आणि सगळं मराठीतून. शिकवणारे सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून रिटायर झालेत, त्यांनी सांगितलंय की माझं नाव कुठे लिहू नका, ज्याला यायचंय तो ऐकून येईल, म्हणून नाव लिहीत नाही. माझा भाचा यूपीएससीची तयारी करतोय, त्याने नाव घातलं होतं आणि मला म्हणाला मामी तू पण चल, तू रोज बातम्या बघून चिडतेस. म्हणून गेले. मी अभ्यासक वगैरे नाही, एका कंपनीत अकाउंट्स बघते, शिवाय आमच्या बिल्डिंगच्या कमिटीवर आहे. हे का सांगतेय ते पुढे कळेल.

पहिले दोन रविवार ठीक होते. संयुक्त राष्ट्रं कशी चालतात, सुरक्षा परिषद काय, महासभा काय, व्हेटो कुणाकडे. पेपर वाचणाऱ्याला यातलं बरंच माहीत असतं. दुसऱ्या रविवारी तर मला वाटलं उरलेले दोन सोडून द्यावेत, घरी कामं पडलेली असतात. भाच्याने ओढून नेलं म्हणून तिसरा मिळाला.

तिसऱ्या रविवारचा विषय होता लष्कराच्या कब्जात घेतलेलं सार्वमत आणि त्यावर बाकीच्या देशांनी केलेला निषेध. सर सुरुवातीला काहीच बोलले नाहीत, प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. जुनी मतपत्रिका, जर्मन भाषेतली. मधोमध एक मोठ्ठं वर्तुळ, बाजूला एक बारकं वर्तुळ. मोठं 'हो' चं, बारकं 'नाही' चं. ऑस्ट्रिया, १० एप्रिल १९३८, हिटलरच्या जर्मनीत विलीनीकरण मान्य आहे का म्हणून. त्याच्या महिनाभर आधी, १२ मार्चला जर्मन फौज देशात शिरली होती, आणि गंमत म्हणजे नाही म्हणता येणार पण लक्षात घ्या की ऑस्ट्रियाच्या चॅन्सेलरने, म्हणजे सरकारच्या प्रमुखाने, स्वतःच देश स्वतंत्र राहावा का यावर १३ मार्चला मतदान ठेवलं होतं, ते होऊ नये म्हणून फौज आदल्या दिवशी आली. मग ज्यूंना मत न देऊ देता जर्मनांनी आपलं मतदान घेतलं आणि निकाल लावला ९९.७३ टक्के. हॉलमध्ये वीस-बावीस जण होतो, कुणी बोललं नाही. त्या कागदाकडे बघितलं की भाषा न येणाऱ्यालाही कळतं की विचारणाऱ्याला कुठलं उत्तर हवंय.

मग सर सरळ २०१४ वर आले, युक्रेनचा क्रिमिया. १६ मार्चचं मतदान, तेव्हा रस्त्यांवर बिल्ल्याशिवायचे हिरव्या गणवेशातले सैनिक. कागदावर पर्याय दोन, रशियात सामील व्हायचं की १९९२ ची क्रिमियाची राज्यघटना परत आणायची. आहे तसं राहू द्या म्हणायला जागाच नव्हती. निकाल ९६.७७ टक्के. आणि मग २०२२. २३ ते २७ सप्टेंबर, रशियात सामील व्हायचं का म्हणून रशियाने घेतलेलं मतदान, युक्रेनचे चार प्रांत, सरांनी फळ्यावर आकडे लिहिले: दोनेत्स्क ९९.२३, लुहान्स्क ९८.४२, झापोरिझ्झिया ९३.११, खेरसन ८७.०५.

मी अकाउंट्समधली बाई आहे. दोन दशांशापर्यंतचा आकडा कुणी समोर ठेवला की मी पहिल्यांदा व्हाउचर मागते. इथे व्हाउचर काय असणार, तर मतदार यादी, गुप्त मतदान, बाहेरचे स्वतंत्र निरीक्षक, विरोधी बाजूला प्रचार करायची मोकळीक. यातलं एकही नाही. लाखो लोक घरदार सोडून पळालेले, युद्ध चालू, मतदान जाहीर झालं २० सप्टेंबरला आणि सुरू तीन दिवसांत. झापोरिझ्झिया शहर, म्हणजे त्या प्रांताची राजधानी, ते तर रशियाच्या हातातच नव्हतं, आणि तरी सगळ्या प्रांताचा निकाल लागला आणि सगळा प्रांत आमचा म्हणून ३० तारखेला क्रेमलिनमध्ये सह्या झाल्या. त्यानंतर क्रेमलिनचा प्रवक्ता म्हणतो की खेरसन आणि झापोरिझ्झियाच्या सीमा नक्की कुठल्या ते लोकांशी बोलून ठरवू. ज्या जागेचे चटई क्षेत्र माहीत नाही तिचं खरेदीखत झालं, असा हा प्रकार.

आणि मतदान कसं झालं, तर बऱ्याच ठिकाणी घरोघरी जाऊन. पारदर्शक पेटी, सोबत हत्यारबंद माणसं, दारावर थाप. कारण दिलं सुरक्षेचं.

हे ऐकताना मला काय आठवलं ते लिहितेच. आमच्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला तेव्हा एका बिल्डरची माणसं संमतीपत्रं घेऊन दुपारी घरोघरी फिरली, मुद्दाम दुपारी, जेव्हा घरात म्हातारी माणसं असतात. आमच्याकडे सासूबाई एकट्या होत्या. मी संध्याकाळी आल्यावर विचारलं, आई, तुम्ही सही का केलीत? त्या म्हणाल्या, "चौघं दारात उभे होते गं. दोघं तर काही बोलतच नव्हते." कुणी धमकी दिली नाही, कुणी हात लावला नाही, आणि तरी ती सही त्यांची नव्हती हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. आता बंदूक आणि बाउन्सर एक नाहीत, युद्ध आणि बिल्डिंगचं भांडण एक नाही, ती तुलना मी करतच नाही. पण दारात कुणीतरी उभं असताना दिलेलं 'हो' किती पोकळ असतं हे मुंबईतल्या अर्ध्या बिल्डिंगांना माहीत आहे. तिथे तर चौघांच्या हातात बंदुका होत्या आणि रस्त्याच्या टोकाला चौकी.

कायदा काय म्हणतो हे सरांनी छान सोपं करून सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४), दुसऱ्या देशाच्या भूभागाविरुद्ध बळ वापरायचं नाही. आणि १९४९ चा चौथा जिनिव्हा करार, कलम ४७, कब्जा करणाऱ्याने मध्येच विलीनीकरण जाहीर केलं तरी तिथल्या लोकांचं संरक्षण संपत नाही. म्हणजे कब्जा वेगळा आणि मालकी वेगळी. पागडीच्या खोलीत जन्म काढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागत नाही. कब्जा करणारा हा फार तर तात्पुरता सांभाळणारा, त्याने लोकांना उभं करून विचारलं की मी मालक होऊ का, आणि लोक भीतीने हो म्हणाले, तर त्या विचारण्याचाच त्याला हक्क नव्हता, मग उत्तर ९९ टक्के येवो की ४० टक्के.

आता निषेधाचा भाग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. मी त्या रविवारपर्यंत मानत होते की निषेध म्हणजे काही न करता केल्यासारखं दाखवणं. टीव्हीवर 'तीव्र शब्दांत निषेध' ऐकलं की मी चॅनेल बदलायचे. आमच्यात एक काका होते, सत्तरीचे, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांनी माझ्या मनातलंच विचारलं, सर, असल्या ठरावाने रणगाडे मागे जातात का?

सर म्हणाले नाही जात. आणि मग पुढचा पाऊण तास त्यांनी जे सांगितलं त्यासाठी माझे दीड हजार वसूल आहेत.

पहिल्यांदा २०२२ मध्ये कोण काय म्हणालं ते. मतदान सुरू झालं त्याच दिवशी जी-७ या सात बड्या देशांच्या गटाने सांगून टाकलं की हे बनावट सार्वमत आम्ही कधीच मानणार नाही. २९ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस यांनी स्पष्ट सांगितलं की या विलीनीकरणाला कायद्याची काही किंमत नसेल आणि ते निषेधार्ह आहे. सर म्हणाले या पदावरचा माणूस एवढं थेट बोलत नाही सहसा, ते लक्षात ठेवा. कझाकस्तान आणि सर्बिया, दोघंही रशियाच्या जवळचे, त्यांनीही मानणार नाही म्हणून सांगितलं. मला हे माहीतच नव्हतं. ३० तारखेला सुरक्षा परिषदेत ठराव आला, १० बाजूने, रशियाचा व्हेटो, आणि चौघं तटस्थ, चीन, ब्राझील, गॅबन आणि आपण. मग विषय महासभेत गेला, तिथे व्हेटो चालत नाही. १२ ऑक्टोबरला १४३ देश ठरावाच्या बाजूने, ५ विरुद्ध: रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया, सीरिया, निकाराग्वा. ३५ तटस्थ, त्यात पुन्हा आपण.

आणि त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट, जी कुठल्याच मराठी चॅनेलवर मी ऐकली नव्हती. रशियाने महासभेत मागणी केली की या ठरावावर मतदान गुप्त घ्या, देशांवर दबाव येतो. म्हणजे खेरसनच्या म्हातारीने सैनिकासमोर पारदर्शक पेटीत कागद टाकायचा, आणि राजदूतांना मात्र पडदा हवा. १०७ देशांनी ती मागणी फेटाळली, फक्त १३ तिच्या बाजूने होते. आणि त्या १०७ मध्ये भारत होता. मला फार बरं वाटलं ते ऐकून.

१२ तारखेच्या तटस्थतेवर मात्र आमच्याकडे जोरात वाद झाला. भाचा म्हणाला मामी, तेल, शस्त्रांचे सुटे भाग, चीन, हे सगळं बघावं लागतं, आणि पंतप्रधानांनी समरकंदला पुतिनना तोंडावर सांगितलंच होतं की हे युग युद्धाचं नाही. ते सगळं खरं आहे. तरी मला वाटतं आपण त्या १४३ मध्ये हवे होतो, कारण बंदुकीच्या जोरावर नकाशा बदलणाऱ्यांचा त्रास आपल्याला दोन सीमांवर आहे आणि उद्या आपल्याला कुणीतरी आपल्या बाजूने हात वर करायला लागेल. सरांनी स्वतःचं मत सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं मला वाटतं.

तर काकांच्या प्रश्नाचं उत्तर. एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया, १९४०. जूनमध्ये सोव्हिएत फौज आली, १४-१५ जुलैला निवडणूक, एकच यादी, दुसऱ्या कुणाला उभंच राहू दिलं नाही. निवडून आलेल्यांनी आठवड्याभरात ठराव केला की आम्हाला सोव्हिएत संघात घ्या. ऑगस्टमध्ये घेतलं. पण २३ जुलैलाच अमेरिकेचे हंगामी परराष्ट्रमंत्री समनर वेल्स यांनी एक छोटं निवेदन काढलं की हे आम्ही मानत नाही. बस, एवढंच. एक सैनिक गेला नाही. पण अमेरिकेने ते धरून ठेवलं, वॉशिंग्टनमधल्या लॅटव्हिया आणि लिथुआनियाच्या वकिलाती आणि न्यूयॉर्कमधली एस्टोनियाची कॉन्सुलेट चालू राहिली, ज्या देशांची सरकारं अस्तित्वात नाहीत त्यांचे प्रतिनिधी वर्षानुवर्षं तिथे बसून कागदपत्रं करत राहिले. पन्नास वर्षं. १९९१ ला जेव्हा सोव्हिएत संघ मोडायला लागला तेव्हा या तिघांना आम्हाला नवीन देश म्हणून मान्यता द्या असं म्हणावं लागलं नाही, ते म्हणाले आम्ही होतोच, कब्जा संपला.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण हे मी केलंय. त्या संमतीपत्रांनंतर आमच्याकडे सभा झाली, नव्वद टक्के संमती आहे म्हणून जाहीर केलं, आणि मी उभी राहून म्हटलं की या सह्या कशा घेतल्या ते बघा, आणि माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा. सेक्रेटरी म्हणाले ताई, एका माणसाच्या विरोधाने काय होणार. मी म्हटलं नाही होऊ दे, पण लिहा. लिहिलं त्यांनी, एक ओळ. सव्वादोन वर्षांनी प्रकरण वर गेलं तेव्हा तीच ओळ काढून विचारलं गेलं की विरोध नोंदवलेला असताना चौकशी का केली नाही, आणि सभा परत घ्यावी लागली. गप्प बसलं की पुढे म्हणतात तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत म्हणजे तुम्हाला मान्य होतं. देशांचंही तसंच चालतं, सर म्हणाले, फक्त इतिवृत्त न्यूयॉर्कला लिहितात.

मेक्सिकोची गोष्टही मला फार आवडली. ऑस्ट्रियाचा घास घेतला तेव्हा बड्या देशांनी मान खाली घातली, आणि १९ मार्च १९३८ ला मेक्सिकोने जिनिव्हाला राष्ट्रसंघात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेत, लेखी निषेध दिला, त्यांचे प्रतिनिधी इसिद्रो फाबेला. मेक्सिकोचं काय अडलं होतं? समुद्रापलीकडचा देश. पण दिला. व्हिएन्नात आज मेक्सिकोप्लाट्झ नावाचा चौक आहे, १९५६ पासून, याच कारणासाठी.

मग एका मुलीने, सव्वीस-सत्तावीसची असेल, विचारलं की सर सिक्कीमचं काय. हॉल जरा शांत झाला. सरांनी टाळलं नाही याचे मी त्यांना वेगळे मार्क देते. त्यांनी फळ्यावर तारखा लिहिल्या. ९ एप्रिल १९७५, आपल्या लष्कराने राजवाड्याच्या रक्षकांना निःशस्त्र केलं. १४ एप्रिल, राजेशाही संपवून भारतात विलीन व्हायचं का यावर मतदान. ५९,६३७ बाजूने, १,४९६ विरुद्ध. चोग्याल म्हणजे सिक्कीमचा राजा, त्याच्याविरुद्धची लोकांची चळवळ खरी होती, १९७४ ला निवडणूकही झाली होती, हे ते म्हणाले, आणि तरी पाच दिवसांत घेतलेल्या मतदानाला प्रश्न विचारता येतात हेही म्हणाले. मला ऐकायला जड गेलं. घरी आल्यावरही डोक्यात होतं. पण दुसऱ्याचं व्हाउचर मागायचं तर आपली फाईल पण उघडी ठेवायला लागते.

यानंतर त्यांनी गोवा घेतलं आणि इथे माझे डोळे भरून आले, कारण माझं माहेर सावंतवाडीकडचं आणि माझे बाबा १९६७ ला 'फुला' च्या प्रचाराला गोव्यात डिचोलीपर्यंत सायकलने गेले होते. तरुण वाचकांसाठी सांगते, १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात सार्वमत झालं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री होते आणि विलीनीकरणवादी होते, आणि सत्तेत बसून मतदान घेतलं तर ते खरं वाटणार नाही म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये त्यांच्या सरकारने राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली, मग मतदान. दोन्ही बाजूंच्या सभा, दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रं, गाणी, मोर्चे. निकाल, १,७२,१९१ वेगळं राहण्याच्या बाजूने, १,३८,१७० विलीनीकरणाच्या. चौतीस हजारांनी आपण हरलो. ९९ टक्के नाही, साधारण ५५ आणि ४५. बाबा आयुष्यभर हळहळले पण कधीच म्हणाले नाहीत की मतं चोरली. हरल्यावर काही महिन्यांत बांदोडकर पुन्हा निवडून मुख्यमंत्री झाले, आणि गोवा वेगळा राहिला. आमच्या घरात जेवताना शंभरदा ऐकलेली ही गोष्ट, तिचं मोल मला इतक्या वर्षांनी दादरच्या त्या हॉलमध्ये कळलं. खऱ्या मतदानात विचारणारा हरू शकतो.

आता तक्रारी. एका सत्रात फार कोंबलंय. पूर्व तिमोर शेवटच्या दहा मिनिटांत उरकला, आणि तो तर या विषयाचा गाभा आहे: इंडोनेशियाने १९७५ ला घुसून पुढच्या वर्षी लोकांनीच विलीनीकरण मागितलं असं दाखवलं, संयुक्त राष्ट्रांनी ते मानलं नाही, आणि ३० ऑगस्ट १९९९ ला संयुक्त राष्ट्रांनी स्वतः मतदान घेतलं तेव्हा ७८.५ टक्के लोक स्वातंत्र्य म्हणाले. त्यानंतर तिथे जी जाळपोळ आणि हत्या झाल्या त्यावर एक वाक्य. याला पूर्ण अर्धा तास हवा. नोट्सची झेरॉक्स इतकी काळी की युक्रेनच्या नकाशात कुठला प्रांत कुठे ते कळत नाही, मी घरी येऊन मोबाईलवर बघितलं. पंखे दोन, एक आवाज करतो. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तीन तास बसून पाठ धरते, उशी न्या. चहा चांगला, आलं घातलेला.

चौथ्या रविवारी राष्ट्रसंघाच्या सभेचं नाटक केलं, प्रत्येकाला एक देश चिठ्ठीने. १९३८ चा प्रसंग. काकांना आला ब्रिटन, भाच्याला जर्मनी, मला मेक्सिको. दोन मिनिटं उभं राहून बोलायचं होतं. मी रात्री लिहून नेलं होतं, पण उभी राहिल्यावर कागद बघितलाच नाही. काका ब्रिटन म्हणून गप्प बसायचे होते, त्यांची भूमिकाच तशी होती, आणि बसल्या जागी ते इतके अस्वस्थ झाले की नंतर चहाला म्हणाले, "ताई, आज कळलं, गप्प बसायला पण हात वर करण्याइतकीच ताकद लागते, आणि ती चुकीच्या जागी घातली की फार त्रास होतो."

पाचात साडेचार देते, अर्धा नकाशा आणि तिमोरसाठी कापला. पुढची बॅच गणपती झाल्यावर आहे, जागा पंचवीसच घेतात, पैसे रोख द्यावे लागतात. रविवारी मेगाब्लॉक बघून निघा, सर दहाला म्हणजे दहाला सुरू करतात. यावेळी मी सासूबाईंना घेऊन जाणारे, त्यांनी स्वतः विचारलं तो ऑस्ट्रियाचा कागद बघितल्यावर. तो अजून आमच्या फ्रीजवर लावलेला आहे.